रुंदावताना वाढणारा वेग

अण्णा, रॉकेटच्या नोझलचा पुढचा भाग रुंद का असतो, ते मला कळले. पंचावन्नाव्या वर्षी कळले, आणि कळायला एक ग्लास लिंबू सरबत संपायला लागतो तेवढा वेळ लागला. ज्या विषयात तुम्ही आयुष्य काढलेत, ज्याचे नाव घरात निघाले की आई भांड्यांचा आवाजसुद्धा कमी करीत असे, तो विषय मला पंचविशीतल्या एका मुलीने कचेरीखालच्या फूड कोर्टात, टेबलावर साचलेल्या पाण्यात बोट बुडवून समजावून दिला. तिला घाई होती, तरी तिने सांगितले. तुम्हाला घाई कधीच नसे. संध्याकाळच्या बसने तुम्ही घरी येत असा आणि जेवणाची पाने पडेपर्यंतचा सगळा वेळ तुमचाच असे. हा फरक मी बरेच दिवस मनात घोळवला आणि आता लिहून काढतो आहे. तुम्ही हे वाचणार नाही, हे उघड आहे. असतात तरी वाचले असते याची खात्री नाही. माझी पत्रे तुम्ही आईला मोठ्याने वाचायला लावत होता आणि निम्म्यात उठून जात होता.

माझ्या कामाची चौकशी तुम्ही कधी केली नाहीत, म्हणून तेवढे आधी सांगतो. तुम्ही गेल्यानंतर काही वर्षांनी मी सिंगापूरला आलो, बँकेत नोकरी केली, इथला कायम रहिवासी झालो, टॅम्पिनीसला फ्लॅट घेतला. पन्नाशीनंतर बँकेने माझी गरज उरली नसल्याचे अतिशय सभ्य शब्दांत कळवले, तेव्हा वन-नॉर्थ या इथल्या उद्योगवसाहतीतल्या एका लहान कंपनीची आर्थिक बाजू सांभाळू लागलो. ही कंपनी छोटे उपग्रह अवकाशात पोचल्यावर त्यांना पुढे ढकलणारी इंजिने करते. हो, रॉकेटचीच इंजिने. तुमच्या काळी जे काम कुंपणाच्या, पहाऱ्याच्या आणि ओळखपत्राच्या आड चालत असे, ते आता तिशीतली मुले चपला घालून, कानात गाणी लावून करतात. नोकरी पक्की झाली तेव्हा तुमची सून म्हणाली, "शेवटी मामंजींच्याच वाटेला लागलात की." मी म्हणालो, "वाट त्यांची. मी तिच्या कडेला बसून करार तपासणार." ती हसली. मला मात्र त्या दिवशी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर जाणवले, की मी ही नोकरी पगारासाठी घेतलेली नाही. त्यामुळे मला स्वतःचाच राग आला.

तुमचे नोझल मी एकदाच पाहिले आहे. खंडेनवमीला तुमच्या कारखान्याचा एक भाग घरच्या मंडळींसाठी उघडा ठेवत. मी तेव्हा दहावीत होतो. लेथला, ड्रिलला, अगदी वजनकाट्यालासुद्धा झेंडूच्या माळा घातलेल्या होत्या, आणि एका लाकडी चौथऱ्यावर, आतला आकार दिसावा म्हणून उभे कापून अर्धे केलेले एक नोझल ठेवले होते. आतून काळे, गुळगुळीत, मधे बारीक होत जाऊन पुन्हा फुलत गेलेले. बारीक जागेशी कोणीतरी कुंकवाचे बोट ओढले होते. मला तिथे हात लावावासा वाटला. हात पोचण्याआधी तुमचा आवाज आला, "हात नको. घामाचा डाग पडतो." कुंकवाचा चालत होता. मग तुम्ही शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलांना जवळ बोलावलेत आणि चांगला अर्धा तास त्यांना समजावून सांगितलेत, "हा थ्रोट. म्हणजे गळा. काय व्हायचं ते सगळं इथे ठरतं." मी त्यांच्या पाठीमागे उभा राहून जेवढे कानावर पडले तेवढे ऐकले. घरी परतताना बसमध्ये आपण शेजारी बसलो होतो. तुम्ही मला काय कळले ते विचारले नाहीत, आणि तुम्ही विचाराल या आशेवर मी मनात उत्तर जुळवत राहिलो, तोवर आपला थांबा आला.

त्याच वर्षी मला गणितात तुमच्या अपेक्षेपेक्षा कमी गुण पडले. विज्ञान शाखेत प्रवेश मिळण्याइतके ते होते. ही गोष्ट तुम्हालाही माहीत होती. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि आईला म्हणालात, "विज्ञान याच्या आवाक्यातलं नाही. कॉमर्सला घाला." आई म्हणाली, "त्याला एकदा विचारून तरी बघा." तुम्ही म्हणालात, "त्याला काय विचारायचं? कळत असतं तर पेपरात दिसलं असतं." मी दाराशी उभा होतो. वाणिज्य शाखेबद्दल माझी काही तक्रार नाही. तिने मला अन्न दिले, शिस्त दिली आणि जेवढे आत आले त्याचा मेळ बाहेर गेलेल्याशी लागेपर्यंत झोपायचे नाही, ही सवय दिली. माझी तक्रार अगदी नेमकी आहे. तुम्हीच मला तिकडे पाठवलेत, आणि नंतर जन्मभर तिकडचा म्हणून हिणवलेत.

आता तो दिवाळसण. ताईचे लग्न उन्हाळ्यात झाले होते आणि तुमचे जावई पहिल्या दिवाळीला आले आहेत. ते सिव्हिल इंजिनीअर, पाटबंधारे खात्यात. त्यांच्या येण्याने तुम्ही किती खुलला आहात, हे आई डोळ्यांनीच मला दाखवते आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्ही दोघे समोरासमोर बसला आहात. आई तळणीपाशी आहे, ताई चकल्या पाडून देते आहे, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि फराळाच्या ताटल्या भरतो आहे. तुम्ही दोन नरसाळी मागवता, एक रॉकेलचे, एक तेलाचे, आणि त्यांच्या नळ्या टोकाला टोक लावून हवेत आडवी धरता. "हे बघा जावईबापू, रॉकेटचं मर्म एवढंच. इकडून तापलेला वायू आत शिरतो, निमुळत्या भागात वेग घेतो, गळ्यातून निघतो आणि पुढे रुंद होताना आणखी वेग घेतो." मेव्हणे मान हलवतात. मी हातातली ताटली खाली ठेवतो.

"पण अण्णा," मी म्हणतो, "पुढे रुंद झाल्यावर वेग कमी नाही का व्हायचा? बागेतल्या नळीला बोट लावलं की पाणी जोरात जातं, बोट काढलं की मंदावतं. मग इथे उलट कसं?"

तुम्ही नरसाळी टेबलावर ठेवता. माझ्याकडे पाहत नाही, जावयांकडे पाहता. "हे आमचे चिरंजीव. यांना पाणी काय आणि वायू काय, सारखंच. त्यांचा दोष नाही, दुधात पाणी घालणाऱ्यांच्या शाखेत आहेत." मेव्हणे हसतात. ताई हसते. आई हातातला झारा तसाच कढईवर धरून हसते, तेल निथळत राहते. मीही हसतो, कारण न हसणे त्याहून वाईट दिसले असते. "पण उत्तर काय?" मी विचारतो. तुम्ही म्हणता, "ते तुला कळायचं नाही. त्यांना चकल्या वाढ."

यानंतर कित्येक वर्षे घरात कशाचेही अडले, मिक्सर फिरेना किंवा कुलूप उघडेना, की कोणीतरी म्हणायचेच, "नरसाळ्याला विचारा." म्हणजे मला. त्यात वाईट हेतू नव्हता, असे आई शेवटपर्यंत सांगत होती. मी पहिल्या वर्गात पदवीधर झालो तेव्हा तुम्ही मला कॅल्क्युलेटर दिलात. तुमची स्लाइड रूल, आकडेमोडीची ती सरकती पट्टी, चामडी म्यानातली, तुम्ही त्याआधीच जावयांना देऊन टाकली होती. कॅल्क्युलेटर महाग होता, हे मी मान्य करतो, पण देताना तुम्ही म्हणालात, "याला बटणं आहेत, तुला पुरेल." मी प्रश्न विचारणे सोडले ते याच सुमारास. इंजिनीअर मंडळी बसली असतील त्या खोलीत मी काहीही विचारत नाही. हा नियम मी मुंबईत पाळला आणि सिंगापुरातही पाळला. बँकेत त्याला संयम म्हणत आणि दरवर्षी त्याचे कौतुक होत असे.

तुमच्या बाजूने जेवढी कारणे मांडता येतील, तेवढी मी मांडून पाहिली आहेत. तुमचे काम गोपनीय होते, हे पहिले. पण जावयांना सांगताना गोपनीयता आड आली नाही, शेजारच्या मुलांना सांगतानाही आली नाही. तुम्ही थकलेले असायचात, हे दुसरे. दिवाळसणाच्या दिवशी तुम्ही थकलेले नव्हता. तिसरे असे, की तुम्हालाही उत्तर नीट माहीत नसावे आणि म्हणून तुम्ही ते हसण्यावारी नेले. हे कारण मला सर्वांत सोयीचे होते आणि मी त्यावर बरीच वर्षे काढली. आता तेही उरलेले नाही. नोझल करणाऱ्या माणसाला हे माहीत नसणे शक्यच नाही, हे मला त्या मुलीने सांगितलेल्या पहिल्या चार वाक्यांत समजले. तुम्हाला उत्तर माहीत होते. ते द्यायला दोन चकल्या खाण्याइतका वेळ लागला असता.

ही मुलगी मलेशियातल्या इपोहची. आमच्या कंपनीत नोझलचे डिझाइन तीच करते. इथल्या तरुण मुलांच्या रीतीने मला 'अंकल' म्हणते आणि वाक्याच्या शेवटी 'ला' लावते. झाले असे, की आमच्या पहिल्या मोठ्या ग्राहकाच्या खरेदी विभागाने एक अट घातली: जे इंजिन अवकाशात जाणार, हुबेहूब त्याच इंजिनाची चाचणी झाली पाहिजे. आमची मंडळी चाचणीसाठी नोझलचा फुललेला भाग, ज्याला ती घंटा म्हणतात, अर्ध्यातच कापून आखूड करीत. मला ती अट ऐकताक्षणी पटली. दाखवायचा नमुना एक आणि द्यायचा माल दुसरा, याला आमच्या शाखेत चांगले नाव नाही. तसे मी बैठकीत बोललो नाही, पण मान हलवली असणार, कारण दुपारी ती फूड कोर्टात जागा राखायला टिश्यूचे पाकीट ठेवलेल्या टेबलाशी मला घेऊन गेली आणि बसता बसताच म्हणाली, "अंकल, तुम्हीपण त्यांच्याच बाजूचे?"

मी म्हणालो, "मला तांत्रिक काही कळत नाही. पण अर्धी घंटा तपासून पूर्ण घंटा विकणं बरोबर दिसत नाही." ती म्हणाली, "पूर्ण घंटा जमिनीवर पेटवली तर फाटेल." मी म्हणालो, "जी जमिनीवर फाटते ती वर कशी टिकते?" आणि मग, तिथे आम्ही दोघेच होतो म्हणून असेल, किंवा तिने आधी मला विचारले होते म्हणून असेल, माझ्या तोंडून तो स्वयंपाकघरातला प्रश्न निघून गेला. नळी, बोट, पाणी, सगळे तसेच्या तसे. तिने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या.

"हाच तर प्रश्न आहे ला, अंकल," ती म्हणाली. "आमच्या सरांनी पहिल्याच तासाला हा घातला होता. वर्गात कोणालाच तो आधी पडला नव्हता. तुम्हाला कोणी सांगितला?"

"कोणी नाही. मलाच पडला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी."

"मग तेव्हा कोणी उत्तर नाही दिलं?"

"त्या दिवशी घरात पाहुणे होते," मी म्हणालो.

तिने ग्लासाखालच्या पाण्यात बोट बुडवून टेबलावर दोन रेघा ओढल्या, जवळ येऊन पुन्हा लांब जाणाऱ्या. इंजिनाच्या पोटात वायू तापलेला, दाबलेला असतो, पण त्याचे कण वाटेल तिकडे धावत असतात. त्या सगळ्या गोंधळाला एका दिशेचा वेग बनवणे, एवढेच नोझलचे काम, आणि जेवढे बळ बाजूला फाकेल तेवढे वाया. गळ्यापर्यंत वायू बागेच्या नळीतल्या पाण्यासारखाच वागतो, ती म्हणाली, वाट निमुळती झाली की पळतो. गळ्याशी तो नेमका आवाजाच्या वेगाला पोचतो. तिथून पुढे कायदा बदलतो. त्यापुढे वाट जेवढी रुंदावते, त्याहून अधिक झपाट्याने वायू विरळ होतो. "समजा, जागा दुप्पट झाली आणि वायू चौपट विरळ झाला. आत जेवढा आला तेवढाच दर क्षणाला बाहेर गेला पाहिजे. मग काय करावं लागेल?" मी म्हणालो, "वेग दुप्पट." ती म्हणाली, "बघा. तुम्हाला येतं." अण्णा, मला ते आले, कारण जेवढे आत तेवढे बाहेर, हे मी वाणिज्य शाखेत शिकलो होतो. ज्या शाखेमुळे ते कळणार नाही असे तुम्ही म्हणालात, तिच्यामुळेच ते मला आधी कळले. पाणी विरळ होऊ शकत नाही, म्हणून रुंद जागेत मंदावते. माझ्या प्रश्नात चूक एवढीच होती, आणि ती एका वाक्यात दुरुस्त होण्यासारखी होती.

मग तिने आखूड घंटेचे सांगितले. घंटा जेवढी लांब आणि रुंद, तेवढा वायू फुलतो, त्याचा दाब उतरतो आणि दाबाचा वेग होतो. बाहेर पडताना वायूचा दाब बाहेरच्या हवेएवढा झाला की नोझलने आपले काम पुरे केले. अवकाशात बाहेर हवाच नाही, म्हणून तिथे फुलायला अंत नाही. फक्त लांबीचे वजन होते, म्हणून कुठेतरी थांबतात. पण तीच लांब घंटा जमिनीवर पेटवली, तर तोंडाशी पोचेपर्यंत वायूचा दाब हवेपेक्षा फारच खाली गेलेला असतो. मग बाहेरची हवा कडेने आत घुसते, वायू भिंतीपासून सुटतो, तोही एका बाजूला आधी, दुसऱ्या बाजूला नंतर, आणि पातळ पत्रा हेलकावे खाऊन फाटतो. म्हणून जमिनीवर घंटा कापतात आणि उरलेल्या भागाचे काय होईल ते गणिताने काढतात. पूर्ण घंटा तपासायची तर हवा काढून घेतलेला मोठा कक्ष लागतो आणि तो आमच्याकडे नव्हता. मी अट चुकीची असल्याचे तिथल्या तिथे मान्य केले.

पण मान्य करायचे होते ते कंपनीच्या मालकाने. तो तिशीतला, इथलाच, हुशार. दुसऱ्या दिवशी पँट्रीत कॉफी घेताना तिने माझ्यादेखत त्याला सांगितले, "बॉस, जमिनीवर पूर्ण घंटा नको. फाटेल." तो म्हणाला, "ग्राहक बघायला येणार आहेत. त्यांना अर्धवट इंजिन दाखवू? फोटोत कसं दिसेल?" ती म्हणाली, "फोटोत छान दिसेल. फोटोनंतर दिसणार नाही." तो हसला, "आय्या, तू फार घाबरतेस ला." एवढा आवाज करायला सिंगापुरात जागा नाही आणि परवानगीही मिळत नाही, म्हणून आमची चाचणी समुद्रापलीकडे भाड्याच्या मैदानावर होते. पूर्ण घंटा लावून ती झाली. चित्रीकरण आम्ही इथे पडद्यावर पाहिले. ज्योत पेटली, घंटेची कड पंख्याला बांधलेल्या कागदासारखी थरथरली, एक बाजू आत वळली आणि पत्रा उभा फाटत गेला. ती माझ्या शेजारी बसली होती.

पुढच्या आठवड्यात ग्राहकाकडून एक वयस्क गृहस्थ आले. त्यांच्यासमोर मालकाने शांतपणे सांगितले, की पत्र्याची जाडी ठरवताना चूक झाली, आणि डिझाइन करणाऱ्या व्यक्तीबाबत कंपनी निर्णय घेत आहे. ती व्यक्ती टेबलाच्या टोकाशी मांडीवरच्या हातांकडे पाहत होती. ग्राहकासमोर मालकाचे म्हणणे खोडायचे नाही, हा इथला रिवाज. शिवाय सकाळी तिला तसे बजावलेले होते. तिची नोकरी गेली की एम्प्लॉयमेंट पास, म्हणजे इथे काम करायचा परवाना, गेला, पास गेला की थोड्याच दिवसांत देश सोडायचा, आणि या एवढ्याशा धंद्यात घंटा फाडणारी मुलगी म्हणून नाव पुढे जाऊन बसणार. खोलीत मी करारापुरता होतो. बाकी सगळे इंजिनीअर. मला एक प्रश्न विचारायचा होता आणि तो विचारायला मला किती वेळ लागला, ते मी सांगणार नाही. डोळ्यांपुढे मालक नव्हता, ग्राहक नव्हता. तेल निथळणारा झारा होता.

"मला एक विचारायचं आहे," मी म्हणालो. सगळ्यांनी वळून पाहिले. मालकाने घड्याळाकडे पाहिले. "मी कॉमर्सचा माणूस आहे, चुकत असेन तर सांगा. या घंटेच्या तोंडाशी वायूचा दाब किती धरला होता? आणि त्या मैदानावर हवेचा दाब किती होता?"

त्या वयस्क गृहस्थांनी पेन खाली ठेवले आणि मालकाला विचारले, "पूर्ण लांबीची? समुद्रसपाटीला? निर्वात कक्षाशिवाय?"

मालक म्हणाला, "तुमच्याच खरेदी विभागाची अट होती."

"अट खरेदी विभागाची. पेटवलीत तुम्ही. मला एक फोन केला असतात तर ती मी काढून टाकली असती." मग ते मुलीकडे वळले. "तुम्ही सांगितलं नव्हतं का यांना?"

ती मालकाकडे पाहू लागली. मी म्हणालो, "सांगितलं होतं. पँट्रीत. मी तिथे होतो."

मुलगी राहिली. चाचण्या पुन्हा आखूड घंटेवर होऊ लागल्या. बैठकीनंतर मालकाने मला लिफ्टपाशी गाठले आणि खांद्यावर हात ठेवून, अगदी आदराने म्हटले, "अंकल, तुम्ही फायनान्स बघा. टेक्निकल आम्ही बघू, ओके?" वाक्य ओळखीचे होते; फक्त चकल्या नव्हत्या. त्यानंतर ग्राहकाच्या बैठकींना मला बोलावणे येत नाही.

रविवारी मी ताईला फोन केला. तिला सगळे सांगितले. ती म्हणाली, "अण्णा असते तर किती खूश झाले असते रे." मी म्हणालो, "नसते झाले." ती म्हणाली, "गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये." तेवढ्यात मेव्हण्यांनी फोन घेतला. "काय नरसाळे, रॉकेट उडवता म्हणे." मग ते म्हणाले, "एक सांगू का? त्या दिवशी मलाही काही कळलं नव्हतं. मी धरणवाला, माझं सगळं पाण्यात. तू विचारलंस तेच माझ्याही मनात यायला हवं होतं, ते आलंसुद्धा नाही. नुसती मान हलवत होतो. दिवाळसणाला आलेला जावई सासऱ्याला उलट प्रश्न विचारतो का?" मी विचारले, "मग हसलात कशाला?" ते म्हणाले, "अण्णांनी चेष्टा केली म्हणून. आणि ती पट्टी अजून कपाटात आहे, मला कधी वापरता आली नाही. तुला पाठवून देऊ?" मी नको म्हणालो.

म्हणजे त्या स्वयंपाकघरात तुमचे बोलणे शेवटपर्यंत ऐकणारा माणूस एकच होता, आणि तुम्ही त्याला वाढायला पाठवलेत. एवढे ज्ञान होते तुमच्याकडे, आणि वायूचा एक धागा बाजूला फाकू नये म्हणून तुम्ही जन्मभर धडपडलात. घरात मात्र ज्याला पोचायचे त्याच्याखेरीज सगळीकडे ते उधळत राहिलात. तुमच्याविरुद्ध मी मांडू शकतो ते एवढेच आहे, आणि ते मागे घेण्याचे कारण मला सापडलेले नाही.

अजून एक लिहायचे राहिले. घंटा साधा सरळ शंकू का नसते, हे मला आता ढोबळपणे माहीत आहे: शंकूतून वायू कडेकडेने फाकत जातो, म्हणून घंटेची भिंत गळ्यापाशी झपकन उघडते आणि मग हळूहळू आत वळत वायूला सरळ वाटेवर आणते. पण ते वळण कोठे सुरू करायचे, किती द्यायचे, हे कसे ठरवतात, ते मला माहीत नाही. कारखान्यात ते काम तुमच्याकडे होते, असे ताई म्हणते. त्या मुलीने मला दोनदा विचारले, "अंकल, त्या वळणाचं सांगू का? फार मजेचं आहे ला." दोन्ही वेळा मी कामात असल्याचे सांगितले. मी कामात नव्हतो. हे एवढे तुमच्याकडून ऐकायचे अजून ठेवले आहे.